तांदळांतील सोमल



सोमल आपल्या परिचयाचा आहे तो वैद्यांच्या औषधांमुळें आणि जुन्या गोष्टींतील विषप्रयोगांमुळें. शास्त्रज्ञ ज्याला आर्सेनिक म्हणतात, त्याचाच हा प्रकार. तो नित्याच्या भातांत उतरतो असें म्हटलें तर पुष्कळांना अतिशयोक्ति वाटेल. परंतु कलकत्त्यास १९८३ सालीं डॉ. के. सी. साहा यांनीं रोग्यांच्या कातडीवरील डागांवरून कूपनलिकांच्या पाण्यांतील हें विष ओळखलें, आणि तसल्याच पाण्यावर बंगालमध्यें उन्हाळी भात पिकतो. आपल्या गडचिरोलीच्या पलीकडे, छत्तीसगडांतील कौडीकसा गांवींही तें पाण्यांत सांपडलें आहे.

भातालाच ही बाधा अधिक कां? खाचरांत पाणी तुंबून मातीला हवा मिळेनाशी झाली, कीं लोहाच्या गंजाला चिकटलेला सोमल सुटा होतो. भाताच्या मुळांना सिलिकेची मोठी भूक. ज्या दारानें ती आंत जाते त्याच दारानें सोमलही शिरतो, हें जपानी संशोधकांनीं २००८ सालीं दाखविलें. म्हणून खाचर सतत भरून न ठेवतां मधून मधून आटूं द्यावें, हा पहिला उपाय. मात्र जमिनींत कॅडमियम असेल तर कोरडेपणीं तें वर चढतें. तेव्हां माती तपासल्यावांचून घाई नको. तुसाच्या राखेंतील सिलिकाही उपयोगी पडते.

आमच्या पेठेंत राब भाजून रोपें करितात आणि आवणी होते ती पावसाच्या पाण्यावर. भूगर्भांतील विष खाचरांत आणणारी वाट येथें नाहीं. पण नाशिकच्या वाण्याकडील तांदूळ कोणत्या प्रांतांतून येतो, हें किती गृहिणींस ठाऊक असतें?

सुदैवानें वेळलेला भात आपल्या आज्या करीतच असत. शुद्ध पाणी सहापट घेऊन भात शिजवावा व पेज काढून टाकावी. सुमारें निम्मा सोमल जातो. कांहीं जीवनसत्त्वेंही जातात, हें खरें. पाणीच दूषित असल्यास मात्र भातांतील विष उलट वाढतें. हातसडीच्या तांदळाची मी स्वतः कड घेत आलों. तथापि सोमल कोंड्यांत अधिक सांठतो, हें मान्य केलें पाहिजे. आंतरराष्ट्रीय अन्नसंहितेनें २०१४ सालीं सडलेल्या तांदळास किलोमागें ०.२ मिलिग्रॅम ही मर्यादा घातली, ती असेंद्रिय सोमलाची.

तान्ह्या मुलांच्या इवल्या देहाला थोडेंही पुष्कळ होतें. त्यांना रोज तांदुळाचीच पेज भरविण्यापेक्षां अधूनमधून नागलीचें सत्त्व द्यावें. आमच्याकडे ती डोंगरउतारावर पिकते, जेथें पाणी ठरतच नाहीं.