न मोजलेला डबा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



पाककृतींवर काहीतरी बोला, अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली. पण माझ्या हातची नानकटाई तुमच्यापैकी पुष्कळजणींनी खाल्लेली आहे. तेव्हा त्या विषयावर मी अधिकारवाणीने बोलू लागले तर तुम्ही हसाल. म्हणून अमेरिकेत लेकीकडे राहिले असताना घडलेली एक हकीकत सांगते.

तिकडे नाताळच्या आधी बायका 'कुकी एक्स्चेंज' करतात. कुकी म्हणजे आपल्या बिस्किटाची बहीण. शब्द मूळचा डच लोकांचा, अर्थ 'छोटा केक'. सणाला घरात पाचसहा प्रकार हवेत, पण एकटीने ते सगळे करायचे म्हणजे कंबरडे मोडते. त्यावर युक्ती अशी, की प्रत्येकीने एकच प्रकार भरपूर करावा, सर्वांनी एका घरी जमावे आणि वाटणी करून सगळे प्रकार घरी न्यावेत.

न्यू जर्सीत लेकीच्या गल्लीतल्या सात जणींनी हे ठरवले होते आणि त्या वर्षी पाळी लेकीची होती. ती दिवसभर नोकरीवर, तेव्हा यजमानपण माझ्याकडे आले. मी आधी कागद-पेन्सिल घेतली. घरटी सहा नग, घरे सात, म्हणजे बेचाळीस; वर तिथेच चहाबरोबर खायला बारा. एकूण ५४, म्हणजे साडेचार डझन. हा आकडा सगळ्यांना महिनाभर आधी कळवला. कोण काय करणार तेही विचारून घेतले, नाहीतर चॉकलेटच्या तुकड्यांच्या कुकी चौघीजणी आणतात. ही कुकी १९३० च्या दशकात मॅसॅच्युसेट्समधल्या रूथ वेकफील्ड नावाच्या बाईंनी आपल्या खानावळीत प्रथम केली आणि आता ती तिकडे घरोघरी होते.

मी अर्थातच नानकटाई धरली. तूप घरी कढवले, वेलची कुटली, ओव्हनचा काटा १८० वर ठेवला आणि वाट पाहत बसले. अर्धा तास झाला तरी नानकटाई पांढरीफटक! संध्याकाळी लेक आली आणि पोट धरून हसली. तिकडचा काटा फॅरनहाइटचा. आपले १८० म्हणजे त्यांचे साडेतीनशे. दुसरा घाणा बरा उतरला.

टेबलावर प्रत्येक ताटापुढे चिठ्ठी ठेवली: नाव, आत अंडे आहे की नाही, अक्रोड-बदाम आहेत की नाहीत. ही चिठ्ठी म्हणजे हौस नव्हे. काहींना अक्रोडाचा एक कणही बाधतो. दुसरे एक तिथे शिकले. मऊ कुकी आणि कुरकुरीत कुकी एका डब्यात भरू नयेत, कुरकुरीत सादळते. ओल्या नारळाच्या करंजीशेजारी चकली ठेवल्यासारखेच ते.

आता ज्यासाठी उभी राहिले ते सांगते.

आठ दिवस आधी समोरच्या बाईंचा फोन आला. उन्हाळ्यात त्यांचे यजमान वारले होते. "यंदा माझ्याने काही भाजणे होणार नाही, मला वगळा," म्हणाल्या. लेकीने मला विचारले, "आई, मग सहाच घरे धरू ना?" मी 'हो' म्हटले आणि बेचाळीस खोडून छत्तीस लिहिले. हात जरासुद्धा अडला नाही.

समारंभ छान झाला. शेवटी टेबलावर सहा डबे ओळीने भरून ठेवले, आणि ती ओळ पाहताना मला माझेच घर आठवले. आमचे हे गेले त्या वर्षी दिवाळीला घरात कढई चढली नाही. पण वसुबारसेपासून शेजारणींची ताटे येत राहिली. चकल्या तीन घरच्या, तिन्हींची चव निराळी. माझ्या मुलांची दिवाळी त्या ताटांनी केली. "तू काय देणार?" असे मला एकीनेही विचारले नाही. आणि तीच मी, कागदावरचा आकडा खोडून मोकळी झाले होते!

मी सगळ्यांना तसे सांगितले. कोणी काही बोलले नाही. प्रत्येकीने आपल्या डब्यातून मूठभर काढून दिले. ताट झाकून आम्ही मायलेकी बर्फातून रस्ता ओलांडून गेलो. बाई दारात उभ्या राहिल्या आणि एवढेच म्हणाल्या, "रिकाम्या हाताने कसे यावे, म्हणून आले नाही."

भगिनींनो, हे वाक्य मराठीत बोलले असते तरी असेच बोलले असते. आठ दिवसांनी ताट परत आले. ताटात त्यांच्या सासूबाईंच्या आल्याच्या कुकीची कृती होती, स्वच्छ अक्षरात लिहिलेली.

म्हणून मंडळापुढे एक सूचना ठेवते. येत्या दिवाळीत सहा-सहा घरांचे गट करून फराळाची अशी वाटणी करू. एकीने चकली, एकीने चिवडा, एकीने अनारसे. चकली नगावर मोजावी, चिवडा वजनावर. शेंगदाणे कशात आहेत, साखर कशात नाही, याच्या चिठ्ठ्या लावू. हिशेब चोख असावा. हिशेब नसला की एकीवर भार पडतो आणि पुढच्या वर्षी ती येत नाही.

मात्र प्रत्येक गटाने एक सातवा डबा भरावा. ज्या घरी यंदा कढई चढणार नाही, त्या घरचा तो डबा. दुःखामुळे, आजारपणामुळे, ओढगस्तीमुळे, कारण विचारू नये. तो कोणाकडे गेला हे मंडळाच्या वहीत लिहू नये. एकीने संध्याकाळी जाऊन द्यावा, घटकाभर बसावे आणि परत यावे.

आणि कधी आपल्यापैकी एखादीवर तो डबा घेण्याची वेळ आली, तर तिने संकोच करू नये. मी घेतलेला आहे.