‘लस’ या शब्दाची कुळकथा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. म्हणून मोठा विषय न घेता रोज आपल्या तोंडी असलेला एक लहानसा शब्द आज घेतला आहे. तो शब्द म्हणजे ‘लस’.

फोडातून किंवा जखमेतून जे पाणी झिरपते, त्याला आपण लस म्हणतो. मग बाळाला टोचायच्या औषधालाही तेच नाव कसे? त्याचे मूळ देवीच्या रोगात आहे. गाईंना देवीसारखाच एक सौम्य रोग होत असे. धार काढणाऱ्या बाईच्या हाताला तो लागला, की तिला पुढे देवी येत नाहीत, असे इंग्लंडातील खेड्यांत म्हणत. डॉ. एडवर्ड जेन्नर यांनी हे बोलणे अडाण्यांचे म्हणून सोडून दिले नाही. १७९६ साली त्यांनी एका गवळणीच्या हातावरील फोडातली लस आठ वर्षांच्या मुलाला टोचली. पुढे त्यास मुद्दाम देवी टोचूनही रोग झाला नाही. लॅटिनमध्ये गाईला ‘वाक्का’ म्हणतात. त्यावरून ‘व्हॅक्सिन’ हा शब्द झाला. त्यांनी नाव गाईवरून घेतले, आपण फोडातल्या पाण्यावरून घेतले, इतकेच.

मुंबईत १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीस लस लागू पडली. तेव्हा बर्फाची पेटी नव्हती. एका मुलाच्या दंडावरची लस दुसऱ्याच्या दंडावर, अशी ती गावोगाव जाई. आपल्या सासवांच्या दंडावरचे गोल वण पाहा. ‘देवी काढल्या’ म्हणतात, त्या ह्याच. भारतात देवीचा शेवटचा रोगी १९७५ साली सापडला आणि १९८० साली जगातून देवी गेल्याचे जाहीर झाले.

आता आजचे बोलते. देवी गेल्या, पण गोवर आहे. २०२२ साली मुंबईत गोवराने लहान मुले दगावली. अजूनही काही घरी अंगावर पुरळ उठले, की ‘बाया आल्या’ म्हणून कडुलिंबाचा पाला ठेवतात आणि डॉक्टरला कळवीत नाहीत. पाला ठेवायला माझी ना नाही. पण पाल्यापाठोपाठ दवाखानाही गाठावा. गोवराची लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर एकदा आणि दीड वर्षाच्या सुमारास दुसऱ्यांदा देतात. सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळते. काही लसींनंतर एखादा दिवस कणकण येते; त्यास भिऊन पुढची लस चुकवू नये.

आपल्या वाळूजला कारखान्यांमुळे दूरदूरची कुटुंबे येतात, खोली बदलतात, गावी जातात. त्या धावपळीत बाळाचे कार्ड हरवते आणि लस राहते. म्हणून प्रत्येकीने आपल्या गल्लीत नव्याने आलेल्या बाईला एवढेच विचारावे, “ताई, बाळाचे कार्ड कुठे आहे?” कार्ड नसेल, तर तिला आशाताईंकडे घेऊन जावे. पूर्वी लस एका दंडावरून दुसऱ्या दंडावर जाई. आता तिची माहिती एका उंबऱ्यावरून दुसऱ्या उंबऱ्यावर आपण न्यायची.