धावणाऱ्यांचे गुडघे आणि मूलपेशींची सुई

गेल्या वीस-बावीस वर्षांत आपल्या शहरांना पहाटे धावण्याची गोडी लागली आहे. आज मुंबई मॅरेथॉन म्हणून ओळखली जाणारी शर्यत २००४ साली सुरू झाली. पुढे दिल्लीत २००५ साली आणि बंगळुरात २००८ साली तशाच शर्यती आल्या. साताऱ्यास तर यवतेश्वराचा घाट चढून उतरण्याची शर्यत भरते. या शर्यतींत धावणारे बहुतेक लोक व्यवसायाने खेळाडू नसतात. कोणी बँकेत असतो, कोणी शाळेत शिकवितो, कोणी घरचा व्याप सांभाळून पहाटे बूट चढविते. त्यांतील पुष्कळांनी चाळिशी ओलांडलेली असते. मधुमेह आणि रक्तदाब चार हात दूर राहावेत, एवढीच त्यांची साधी अपेक्षा असते.

आणि मग एके दिवशी जिना उतरताना गुडघ्यात कळ येते. पहिले काही दिवस तिच्याकडे दुर्लक्ष होते. पुढे तेल चोळणे, पट्टा बांधणे, बूट बदलणे असे उपाय चालतात. त्यांनीही भागले नाही, म्हणजे कोणीतरी सांगतो की आता मूलपेशींची सुई निघाली आहे. ती टोचून घेतली की झिजलेली कूर्चा पुन्हा उगवते, शस्त्रक्रियेची गरजच उरत नाही. ही सुई स्वस्त नसते. तरीही ज्याला पुन्हा धावावयाचे आहे तो पैशाकडे पाहत नाही. म्हणूनच या सुईपासून काय मिळते आणि काय मिळत नाही, याचा शांतपणे विचार करणे अगत्याचे झाले आहे.

आधी गुडघा पाहू. मांडीचे हाड आणि नडगीचे हाड जेथे एकमेकांस भेटतात, तेथे दोहोंच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत, पांढुरका थर असतो. समोरच्या वाटीच्या मागील बाजूसही तो असतो. या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात आणि मज्जातंतूही नसतात. सांध्यातील वंगणासारख्या द्रवातून तिला अन्न मिळते. भार पडला की ती दबते, भार सुटला की फुगते, आणि या दबण्या-फुगण्यातच तिचे पोषण होते. रक्त पोहोचत नसल्यामुळे तिची दुरुस्ती मात्र फार कठीण असते. कातडी कापली तर भरून येते, हाड मोडले तर सांधते. कूर्चेचे तसे नाही. विल्यम हंटर या स्कॉटिश शरीरशास्त्रज्ञाने १७४३ सालीच लिहून ठेवले आहे, की कूर्चा एकदा नष्ट झाली म्हणजे ती भरून येत नाही. पावणेतीनशेहून अधिक वर्षे लोटली. वैद्यकाने अनेक चमत्कार केले, पण हंटरचे ते निरीक्षण अद्याप पुरते खोटे ठरलेले नाही.

येथे एक समजूत तपासून पाहावयास हवी. धावण्याने गुडघे झिजतात, असे आपल्याकडे वडीलधारी माणसे सांगत आली आहेत. वरवर पाहता ते पटण्याजोगे आहे, कारण धावताना गुडघ्यावर एका क्षणी येणारा भार चालण्याच्या मानाने कितीतरी अधिक असतो. परंतु धावताना पाऊल जमिनीवर फार थोडा वेळ टेकते आणि एकेक ढांग लांब पडते. त्यामुळे एक मैल चालण्याचा आणि एक मैल धावण्याचा एकूण भार ताडून पाहिला, तर दोहोंत फारसा फरक पडत नाही, असे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापांत आढळून आले. २०१७ साली अनेक पाहण्यांचे निष्कर्ष एकत्र करण्यात आले, तेव्हा हौसेने धावणाऱ्यांत खुब्याच्या वा गुडघ्याच्या संधिवाताचे प्रमाण शेकडा साडेतीन दिसले. न धावणाऱ्या बैठ्या माणसांत ते शेकडा दहाच्या थोडे वर होते, आणि स्पर्धेसाठी जिवापाड धावणाऱ्यांत शेकडा तेराच्या आसपास. या आकड्यांवरून धावणे हे औषधच आहे असे सिद्ध होत नाही. ज्यांचे गुडघे मुळात चांगले तेच धावत राहतात, असेही असू शकेल. तथापि हौशी धावपटूच्या दुखण्याचे खापर झिजेवर फोडण्याची घाई करू नये, एवढे त्यांवरून निश्चित म्हणता येते.

मग दुखते कशाने? धावणाऱ्यांत नेहमी आढळणारे दुखणे गुडघ्याच्या वाटीभोवतीचे किंवा वाटीमागचे असते. उकिडवे बसताना, जिना उतरताना, सिनेमागृहात फार वेळ पाय मुडपून बसल्यानंतर ते जाणवते. महिन्याभरात अंतर एकाएकी वाढविले, चढ-उताराचा रस्ता धरला, मांडीचे आणि कमरेखालचे स्नायू त्या मानाने दुबळे राहिले, की वाटीमागचा भाग कुरकुर करू लागतो. यांपैकी पुष्कळांची कूर्चा शाबूत असते. कूर्चेत मज्जातंतू नसतात हे आपण पाहिलेच; तेव्हा दुखणारी वस्तू तीच असेल असेही नाही. भोवतालचे अस्तर, चरबी, हाड यांतून वेदना उठू शकते. जेथे कूर्चा गेलेलीच नाही, तेथे ती उगविण्याचे औषध कशासाठी घ्यावयाचे, हा पहिला प्रश्न रुग्णाने स्वतःला आणि वैद्याला विचारला पाहिजे.

आता मूलपेशींकडे वळू. हा शब्द पोकळ नाही. त्यामागे मोठी पुण्याई आहे. टोरोंटोचे जेम्स टिल आणि अर्नेस्ट मॅक्युलॉक या दोघांनी १९६१ साली उंदरांवरील प्रयोगांतून दाखवून दिले, की अस्थिमज्जेतील एका पेशीपासून निरनिराळ्या रक्तपेशींची वसाहत उभी राहते. रक्ताच्या कर्करोगावर मज्जारोपण करण्याचा मार्ग डोनाल थॉमस यांनी सिद्ध केला आणि त्यांना १९९० सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या देशात मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९८३ साली पहिले मज्जारोपण झाले. या उपचाराने आजवर असंख्य रुग्णांना जीवदान मिळाले आहे. रक्ताच्या बाबतीत मूलपेशी खरोखरच बीजासारखी रुजते, वाढते आणि हयातभर पीक देते.

गुडघ्यात टोचली जाणारी पेशी मात्र निराळी. मज्जेतच, रक्त न बनविणाऱ्या काही पेशी असतात. मॉस्कोचे अलेक्झांडर फ्रीडेनस्टाइन यांनी त्यांच्यापासून हाड तयार होऊ शकते हे दाखविले. अमेरिकेतील आर्नल्ड कॅप्लन यांनी १९९१ साली त्यांना मूलपेशींच्या मालिकेत बसवून एक नाव दिले आणि ते नाव जगभर रूढ झाले. प्रयोगशाळेतील काचपात्रात या पेशींपासून कूर्चा बनविता येते, हेही खरे. परंतु काचपात्र म्हणजे गुडघा नव्हे. शरीरात टोचल्यावर त्यांतील बहुतेक पेशी थोड्याच काळात नाहीशा होतात. जातेवेळी त्या काही द्रव्ये सोडतात आणि त्यांमुळे दाह कमी होत असावा, असे पुढील संशोधनातून दिसू लागले. म्हणून खुद्द कॅप्लन यांनीच २०१७ साली लिहिले, की आपण दिलेले नाव आता बदलावे, कारण या पेशींना मूलपेशी म्हटल्याने लोकांची दिशाभूल होते. ज्याने बारसे केले त्यानेच नाव मागे घ्यावे, असे विज्ञानात क्वचितच घडते. जाहिरातींनी मात्र ते नाव सोडलेले नाही.

प्रत्यक्षात सुईत असते तरी काय? पुष्कळदा कमरेच्या हाडातून थोडी मज्जा शोषून घेतात, ती यंत्रात गरगर फिरवून दाट करतात आणि त्याच बैठकीत गुडघ्यात सोडतात. मज्जेतील एक लाख पेशींमागे आपल्याला हव्या असलेल्या पेशी एक ते दहाच असतात. दाट केल्याने त्यांची संख्या वाढते, पण सुईत बहुसंख्या इतर पेशींचीच राहते. कोठे पोटावरील चरबी वापरतात, कोठे दान मिळालेल्या नाळेतील पेशी. या तिन्ही वस्तूंना बाजारात एकच नाव असले, तरी त्या एक नव्हेत.

यांची परीक्षा झाली आहे काय? झाली आहे, आणि तिची हकीकत मोठी उद्बोधक आहे. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या वैद्यांनी दोन्ही गुडघे दुखणारे २५ रुग्ण घेतले. प्रत्येकाच्या एका गुडघ्यात त्याच्याच मज्जेचा दाट अंश टोचला आणि दुसऱ्यात नुसते मिठाचे पाणी. कोणत्या गुडघ्यात काय गेले, हे रुग्णाला ठाऊक नव्हते. २०१७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मज्जेच्या गुडघ्याचे दुखणे चांगलेच कमी झाले होते. मिठाच्या पाण्याच्या गुडघ्याचेही तितकेच कमी झाले होते.

पुढे २०२३ साली याहून मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. तीत पावणेपाचशे रुग्ण होते. मज्जा, चरबी आणि नाळ या तिन्ही प्रकारच्या पेशींची तुलना जुन्या, स्वस्त स्टेरॉइडच्या सुईशी केली होती. वर्षाअखेर तिन्हींपैकी एकही स्टेरॉइडहून सरस ठरली नाही. २०२५ साली कॉक्रेन या संस्थेने अशा २५ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला. वेदना व हालचाल यांत थोडीशी सुधारणा होत असावी, पण पुरावा भक्कम नाही, असा त्याचा सारांश आहे. आपल्याकडेही मज्जेपासून तयार केलेल्या एका औषधास १४६ रुग्णांवरील चाचणीनंतर औषध नियंत्रकांनी २०२२ साली गुडघ्याच्या संधिवातासाठी मान्यता दिली. तेव्हा या क्षेत्रात काहीच तथ्य नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण ध्यानात घ्यावे, की या चाचण्या संधिवाताने गुडघे झिजलेल्या रुग्णांवरील आहेत. वाटीमागे दुखणाऱ्या धावपटूस त्यांचा दाखला देणे म्हणजे एकाच्या चिठ्ठीवर दुसऱ्याला औषध देणे होय.

मिठाच्या पाण्याने गुडघा का सुधारला, याचे कोडे पडण्याचे कारण नाही. दुखणे भरती-ओहोटीसारखे चढते-उतरते, आणि मनुष्य वैद्याकडे जातो तो भरतीच्या वेळी. ओहोटी पुढे आपोआप यावयाचीच असते. शिवाय मोठी रक्कम मोजून, कमरेच्या हाडात सुई सोसून घेतलेल्या उपचारावर मनाचा भरवसा जडतो आणि त्या भरवशाने वेदना खरोखरच कमी होते. धावपटूच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. सुईनंतर त्याला काही आठवडे विश्रांती सांगतात आणि मग हळूहळू व्यायाम करवितात. बरे वाटले की श्रेय सुईला मिळते; विश्रांती व व्यायाम यांचे नाव कोणी घेत नाही. तेव्हा ‘मला बरे वाटले’ ही एखाद्याची साक्ष खोटी नसते. मात्र कूर्चा उगवली, असे त्या साक्षीवरून ठरत नाही.

निदान अपाय तर नाही ना, असे कोणी म्हणेल. स्वच्छ जागी, जाणत्या हाताने टोचलेल्या सुईचा गंभीर अपाय विरळा असतो. पण अमेरिकेत २०१८ साली नाळेपासून केलेल्या अशा औषधाने १२ रुग्णांच्या रक्तात वा सांध्यात जंतूंचा शिरकाव झाला आणि त्यांना रुग्णालयात ठेवावे लागले. दुसरा अपाय याहून अधिक सर्रास आहे. वेदना दबली की धावपटू पुन्हा त्याच अंतरावर जातो, मूळ कारण तसेच राहते आणि दुखणे मुरते.

आपल्या देशात याविषयी दंडक आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद व जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७ सालच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्ताच्या विकारांसारखी मान्य कारणे सोडल्यास मूलपेशींचा उपयोग केवळ रीतसर चाचणीतच करावयाचा असतो. अशा चाचणीची नोंद सार्वजनिक नोंदवहीत असते. ती कोणासही पाहता येते. आणि संशोधनाचा खर्च त्यात भाग घेणाऱ्या रुग्णावर लादावयाचा नसतो. म्हणून सुई सुचविली गेली, तर न संकोचता विचारावे: माझे निदान नेमके काय? ही कोणती पेशी, कोठून आणलेली? औषधाला माझ्याच विकारासाठी मान्यता आहे काय? चाचणी असेल, तर तिचा नोंदणी क्रमांक कोणता आणि माझ्याकडून पैसे का घेता? सरळ मनाच्या वैद्यास या प्रश्नांचा राग येणार नाही.

मग धावणाऱ्याने करावे काय? उपाय जुना आहे आणि त्यात झळाळी नाही. दुखणे सोसण्याजोगे होईपर्यंत अंतर कमी करावे. ते अजिबात बंद करण्याची गरज सहसा नसते. नितंबाचे आणि मांडीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम, जाणत्या व्यायामोपचारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली, निदान तीन महिने नेमाने करावेत. वाटीमागच्या दुखण्यावर सर्वांत भक्कम पुरावा याच उपायाच्या बाजूने आहे. मग अंतर हळूहळू वाढवावे. गुडघा सुजला, अडकला, किंवा पाय टेकवेना, तर मात्र विलंब न लावता अस्थिरोगतज्ज्ञाकडे जावे.

मूलपेशींचे संशोधन चालू आहे आणि ते चालूच राहावे. उद्या कोणी खरोखर कूर्चा उगवून दाखविली, तर कोट्यवधी वृद्धांना ते वरदान ठरेल. परंतु ती गोष्ट सिद्ध व्हावयाची तर मिठाच्या पाण्याशी तिची उघड तुलना झाली पाहिजे, आणि ती तुलना होईपर्यंत रुग्णाकडून आशेचे मोल वसूल करता कामा नये. पहाटे अंधारात उठून, रोज थोडे थोडे अंतर वाढवीत बेचाळीस किलोमीटरपर्यंत पोहोचणाऱ्या माणसाला धीर म्हणजे काय, हे शिकवावे लागत नाही. तोच धीर त्याने आपल्या गुडघ्यासाठीही तीन महिने दाखविला, तर बहुधा सुईवाचून त्याचे काम भागेल.