पत्त्यांची स्पर्धा, पण पैसे लावून नाही

ताईंनो, नागपंचमीला मेंढीकोटची स्पर्धा घेऊ, माझी काही ना नाही. पण फी गोळा करून तीच जिंकणारीला वाटायची नाही. तो जुगारच झाला, त्याला 1887 पासून कायदा आहे. आणि पत्त्यांपायी कुणाच्या घरातलं काय काय गेलं, ते आपल्याला नव्यानं सांगायला नको.

16 जोड्या, म्हणजे 32 जणी. माणशी 20 रुपये, झाले 640. त्यात पत्त्यांचे आठ कॅट आणि चहा. उरले तर हिशोबवहीत लिहायचे. बक्षीस सोलापुरी चादर, ती देणगीत मागू. बचतीला हात लावायचा नाही. खेळ जोडीचा, म्हणून चादरी दोन. एकच आणून भांडण लावू नका बरं! नावं शनिवारपर्यंत सचिवताईंकडे द्या.