खातें बदलल्याचें पत्र

भोसरी-चाकण पट्ट्यांतील लहान कारखानदारास नेहमींच्या पोलाद-व्यापाऱ्याच्या नांवानें ई-मेल येतो : बँकेचें खातें बदललें आहे, यापुढें रक्कम नव्या खात्यावर भरावी. बिलाचा नमुना तोच, शिक्काहि तोच. पत्त्यांत मात्र एखादेंच अक्षर निराळें. कधीं तर पत्ताहि खराच असतो, कारण व्यापाऱ्याचा ई-मेलच चोरानें ताब्यांत घेतलेला असतो! पैसे परक्याच्या हातीं पडतात, देणें तसेंच उभें राहतें आणि कामगारांच्या पगाराची ओढाताण होते. म्हणून रक्कम धाडण्यापूर्वीं व्यापाऱ्यास फोन करावा. तोहि पत्रांतील क्रमांकावर नव्हे, आपल्या जुन्या वहींतील क्रमांकावर. अशा विचारपुशीचा कोणी सचोटीचा व्यापारी राग मानीत नाहीं. रक्कम गेलीच, तर लाजेनें गप्प न बसतां तत्काळ १९३० या क्रमांकावर व बँकेस कळवावें. चोरानें ती काढून घेण्यापूर्वीं गोठवितां आली, तर परत मिळण्याची आशा राहते.