कामाकुराचा हाचिमान

जपानात हाचिमानची देवळं गावोगावी आहेत. सम्राट ओजिन हाच हाचिमान, अशी तिथली श्रद्धा. तो योद्ध्यांचा पाठीराखा, मिनामोतो घराण्याचं कुलदैवत. कबुतर त्याचा दूत. कामाकुरा शहरातल्या त्सुरुगाओका हाचिमानगू या देवळात वरच्या दारावरच्या पाटीवर देवाच्या नावातलं पहिलं अक्षर दोन कबुतरांनीच रेखलं आहे.

योरियोशी मिनामोतोने १०६३ मध्ये हा देव समुद्राजवळ बसवला. ११८० मध्ये त्याचा वंशज योरितोमो याने तो आजच्या जागी, डोंगराच्या पायथ्याशी आणला. हा योरितोमो म्हणजे कामाकुराचा पहिला शोगुन, लष्करी सत्ताधीश.

देवळाकडे जाणाऱ्या हमरस्त्याच्या मधोमध एक उंचवट्याची वाट आहे, दानकाझुरा. ११८२ साली योरितोमोची बायको मासाको गरोदर होती. तिची सुखरूप सुटका व्हावी, म्हणून ही वाट बांधली. ‘आझुमा कागामी’ या बखरीत म्हटलंय, की योरितोमो जातीनं कामावर उभा होता आणि त्याच्या सासऱ्यासकट सरदारांनी माती-दगड वाहिले. एका बाळंतपणासाठी तलवारबहाद्दर माणसं माती वाहत होती! या देवाची सगळ्यात खरी ओळख मला इथे पटते. वाट देवळाकडे अरुंद होत जाते, त्यामुळे देऊळ आहे त्याहून लांब भासतं.

मुलगा झाला, योरिइए. तो शोगुनही झाला. पण त्याला पदावरून काढलं आणि १२०४ मध्ये मारलं. पुढे १२१९ च्या फेब्रुवारीत, बर्फ पडलेलं असताना, त्याचा धाकटा भाऊ, तेव्हाचा शोगुन सानेतोमो, या देवळातून दर्शन घेऊन परतत होता. योरिइएच्या मुलाने, कुग्योने, चुलत्याला तिथेच कापलं. कुग्यो त्याच देवस्थानाचा प्रमुख होता. त्याच दिवशी तोही मारला गेला आणि योरितोमोच्या घरातलं शोगुनपद संपलं. रक्षणकर्त्याच्या दारात हे घडावं, याची हळहळ आजही वाटते.

देवळाच्या पायऱ्या एकसष्ट. त्यांच्या बाजूच्या गिंको वृक्षाआड कुग्यो दबा धरून होता, अशी दंतकथा आहे. तो वृक्ष १० मार्च २०१० च्या पहाटे वादळी वाऱ्यात उन्मळला. बुंध्याला पुन्हा धुमारे फुटले आहेत.

आता या देवळात तान्ह्या बाळांना दर्शनाला आणतात. नोव्हेंबरात तीन, पाच, सात वर्षांची मुलं किमोनो घालून येतात. सप्टेंबरच्या उत्सवात भरधाव घोड्यावरून तिरंदाजी होते. ती बघायला जरूर जा. पण देवळापर्यंत गाडीनं जाऊ नका, दानकाझुरावरून चालत जा.