पाच व्होल्टांचा बंदोबस्त

मानवतसारख्या कापसाच्या पेठेच्या गावी, जिथे भोवतालच्या शिवारांतील विद्युत्पंप एकदम सुरू झाले की घरातील दिव्यांचे तेज मंदावते, तिथे हौसेने छोटी उपकरणे जुळवणाऱ्या तरुणास स्थिर विद्युद्दाबाची निकड निराळी सांगावी लागत नाही. त्यावर एक स्वस्त तजवीज म्हणजे ७८०५ हा तीन पायांचा नियामक.

२३० व्होल्टांचा दाब ट्रान्सफॉर्मरने ९ व्होल्टांवर उतरवावा, चार डायोडांच्या ब्रिजने प्रवाह एकदिश करावा, १००० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरने त्यातील चढउतार शमवावेत आणि मग तो नियामकाच्या पहिल्या पायास द्यावा; मधला पाय ऋण तारेस जोडला, म्हणजे तिसऱ्यावर ५ व्होल्ट हजर होतात. आत येणारा दाब मात्र ७ व्होल्टांखाली घसरता कामा नये.

आता या कारभाऱ्याची एक खोड, जी पुस्तकी आकृत्यांत हटकून झाकली जाते: वरकड दाब तो जमेस धरीत नाही, जाळून टाकतो. कपॅसिटरवर सुमारे ११ व्होल्ट जमतात. अर्धा अँपिअर प्रवाह घेतल्यास उरलेल्या ६ व्होल्टांपायी ३ वॅट उष्णता निर्माण होते, आणि उन्हाळ्यातील मराठवाड्यात ती विशेषच जाचक. सबब पाठीशी अॅल्युमिनियमचा पत्रा स्क्रूने घट्ट बसवावा. आत-बाहेरच्या पायांलगत अनुक्रमे ०.३३ व ०.१ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर लावल्यास नियामकाची आंदोलने टळतात. २३० व्होल्टांच्या बाजूस फ्यूज हवाच, आणि प्लग काढल्यावाचून तिथे हात घालू नये.